पालकांचा मानसिक आजार किंवा व्यसन आणि मोठी झालेली मुले : सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे अशा माणसांसाठी आहेत, ज्यांच्या आई-वडिलांपैकी एकाला किंवा दोघांना दीर्घकाळचा मानसिक आजार अथवा दारूचे वा अन्य नशेचे व्यसन होते, आणि जी आता स्वतः वीस, तीस किंवा पन्नास वर्षांची आहेत. सोलापुरात समुपदेशनाचे काम करताना हे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात. त्यांपैकी काही मी आधी स्वतःलाच विचारले होते, कारण मीही अशाच घरात वाढले. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर त्यांची दारू वाढली, आणि आईने विड्या वळून आम्हा तिघा भावंडांना मोठे केले. येथील माहिती डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. तिथपर्यंत जाण्याचे बळ मिळावे, एवढ्यासाठी ती लिहिली आहे.

घरात आत्ताच धोका असेल तर काय करावे?

मारहाण होत असेल किंवा कोणी स्वतःच्या जिवाला अपाय करण्याच्या बेतात असेल, तर ११२ क्रमांकावर फोन करावा. घरात अठरा वर्षांखालील मूल असेल, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे आणि मूल स्वतःही तिच्यावर फोन करू शकते. मानसिक त्रासासाठी १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. बाकीची उत्तरे नंतर वाचली तरी चालतील.

लहानपणी घरात जे घडले, त्याचा परिणाम इतक्या वर्षांनी खरोखर राहतो का?

राहतो, आणि तो केवळ आठवणींच्या रूपाने राहतो असे नाही. अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा या दोन डॉक्टरांनी सॅन डिएगो येथील हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारले आणि ती उत्तरे त्यांच्या आजच्या प्रकृतीशी ताडून पाहिली. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईवर होणारी हिंसा, घरातील व्यक्तीचे व्यसन, घरातील व्यक्तीचा मानसिक आजार अथवा आत्महत्येचा प्रयत्न, असे ते प्रश्न होते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे चौघांपैकी एकाने घरात व्यसनी माणूस होता असे सांगितले. अशा चार किंवा अधिक प्रकारच्या अनुभवांतून गेलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, अमली पदार्थांचे सेवन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पटींनी जास्त आढळला. हृदयविकार आणि फुप्फुसांचे विकारही त्यांच्यात अधिक होते. उत्तरे देणारे हे लोक बहुतेक शिकलेले आणि आरोग्यविमा असलेले होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण आपल्याकडे हा विषय निघाला की तो झोपडपट्टीचा किंवा तांड्याचा प्रश्न आहे असे म्हणून सहज बाजूला सारला जातो.

हे कसे घडते, ते साध्या शब्दांत सांगते. संकट आले की शरीर कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन ही संप्रेरके सोडते, हृदयाचे ठोके वाढतात, कान टवकारले जातात, आणि संकट टळले की सारे पूर्ववत होते. संकट रोज संध्याकाळी येत असेल, आणि ज्याने मुलाला कुशीत घ्यायचे त्याच माणसाकडून येत असेल, तर वाढत्या वयातील मेंदू आणि शरीर सतत सावध राहण्यालाच नेहमीची अवस्था मानू लागतात. आमच्या घरात वडिलांच्या सायकलच्या आवाजावरून रात्र कशी जाणार ते कळत असे. स्टँडचा खटका नीट वाजला तर आई हातातली विडी पुरी करायची. सायकल भिंतीला घासत गेल्याचा आवाज आला, तर ती पाने-तंबाखूचे सूप पलंगाखाली सरकवायची आणि धाकट्याला झोपल्यासारखे पडून राहायला सांगायची. आज माझे वय पन्नाशीच्या पुढे आहे, आणि तरीही रात्री खाली कोणी गाडी स्टँडवर लावली की माझा चालता हात क्षणभर थांबतो.

म्हणजे माझे आयुष्य तेव्हाच ठरून गेले का?

नाही. वर सांगितलेले आकडे मोठ्या समूहाचे आहेत आणि त्यांवरून एका माणसाचे भविष्य सांगता येत नाही. ती काही जन्मपत्रिका नव्हे. हवाई बेटांपैकी कौआई येथे एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधिकांनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा जन्मापासून प्रौढ वयापर्यंत मागोवा घेतला. गरिबी, जन्मवेळच्या अडचणी, घरातील कलह, पालकांचे व्यसन किंवा मानसिक आजार असे अनेक धोके ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले समर्थ आणि माया करणारी माणसे म्हणून वाढली. पौगंडावस्थेत वाट चुकलेल्यांपैकीही अनेक जण पुढे तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. तरून गेलेल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, ती म्हणजे निदान एका तरी स्थिर, मायेच्या मोठ्या माणसाशी असलेले नाते. तो माणूस आई-वडीलच असायला हवा असे नव्हते. आजी, मावशी, शेजारी किंवा शिक्षक यांच्यापैकी कोणीही चालत असे.

अशा माणसांची आपल्याकडे कमतरता नाही, असे मी अनुभवाने म्हणते. पूर्व भागातल्या वाड्यांतून आणि विडी घरकुलातून मी कितीतरी मुले पाहिली आहेत, ज्यांचा अभ्यास शेजारच्या तेलुगू आक्कांच्या ओट्यावर झाला, कारण त्यांच्या स्वतःच्या घरात दिवा लागला की भांडण सुरू होई. त्या आक्कांनी कधी समुपदेशन हा शब्दही ऐकला नसेल.

मोठेपणी हा परिणाम नेमका कसा दिसतो?

सगळ्यांत एकसारखा दिसत नाही, परंतु काही गोष्टी इतक्या वारंवार समोर येतात की त्या सविस्तर सांगायला हव्यात.

पहिली म्हणजे अकाली आलेले मोठेपण. वडिलांच्या खिशातले पगाराचे पैसे ते झोपल्यावर काढून ठेवणारी, आईच्या गोळ्या मोजणारी, धाकट्यांची वेणीफणी करून मग स्वतः शाळेत जाणारी मुलगी घरात ‘फार समजूतदार’ म्हणून नावाजली जाते. तीच पुढे चाळिशीत माझ्यासमोर बसते, तेव्हा सासर, माहेर आणि कार्यालय असे तिन्ही डोलारे ती एकटी पेलत असते, आणि तिला स्वतःला काय हवे असे विचारले तर उत्तर सुचत नाही. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे समोरच्याचा चेहरा वाचत राहणे. नवरा गप्प बसला, साहेबांनी ‘नंतर बोलू’ म्हटले, मैत्रिणीने फोन उचलला नाही, की आपलेच काही चुकले असेल असे वाटून जीव खालीवर होतो. लहानपणी ही सवय उपयोगाची होती, कारण चेहरा वेळीच वाचला तर मार चुकत असे. ज्या घरात धोका नाही तेथे तीच सवय माणसाला थकवून टाकते.

तिसरी गोष्ट मौनाची आहे. ‘घरातले बाहेर सांगायचे नाही’ हे वाक्य ज्या मुलाने हजार वेळा ऐकले, त्याला मोठेपणी पोटदुखीही वेळेवर सांगता येत नाही. विश्वास ठेवणे, मदत मागणे, रागावणे आणि रडणे या गोष्टी मुले पाहून शिकतात, आणि या घरांतून त्या एक तर झाकल्या जातात किंवा एकदम अंगावर येतात. त्यामुळे पुष्कळ जण, विशेषतः पुरुष, राग आला की घराबाहेर निघून जातात आणि त्याला शांत स्वभाव असे नाव मिळते.

याशिवाय झोप न लागणे, चिंता विकार, नैराश्य, अंगदुखी, स्वतःचे व्यसन आणि व्यसनी जोडीदाराकडे ओढले जाणे याही गोष्टी आढळतात. यांपैकी काहीही आपल्यात दिसले, तर तो स्वभावदोष मानू नये. एका अवघड घरात टिकून राहण्यासाठी मुलाने जे उपाय शोधले, तेच त्याच्या अंगवळणी पडलेले असतात.

वडिलांची दारू आणि आईचा मानसिक आजार यांचे परिणाम सारखेच असतात का?

पुष्कळसे सारखे असतात, पण एक फरक नोंदवावासा वाटतो. दारूच्या घरात मुलाला रागावण्यासाठी निदान एक गोष्ट दिसते, ती म्हणजे बाटली. स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होण्याचा आजार) किंवा बायपोलर विकार (कधी टोकाचा उत्साह तर कधी टोकाची उदासी येण्याचा आजार) असलेल्या आईच्या मुलाला तीही मिळत नाही. सकाळी ज्या आईने डबा भरला तीच संध्याकाळी ‘तू माझा मुलगा नाहीस, तुला कोणीतरी पाठवले आहे’ असे म्हणते, आणि घरातले कोणीही त्याला हा आजार आहे असे सांगत नाहीत, कारण आजाराचे नाव घेणे घराण्याला लाजिरवाणे वाटते. मग मूल स्वतःच कारण शोधते आणि बहुतेक वेळा ते कारण म्हणून स्वतःलाच धरते. नैराश्यात असलेल्या आईच्या घरात आरडाओरडा नसतो. तेथे ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असते, आणि पहिला नंबर आणला तरी ती उठून बसत नाही. अशा घरातल्या मुलांकडे शेजाऱ्यांचे किंवा शाळेचे लक्षही जात नाही.

अनेक घरांत दोन्ही एकत्र असते. आजाराचा त्रास दाबण्यासाठी दारू सुरू होते, आणि दारूमुळे आजार वाढतो. म्हणून उपचार करताना दोन्हींची तपासणी एकत्र व्हायला हवी.

हा आजार किंवा हे व्यसन माझ्यात येईल का? माझ्या मुलांत?

धोका वाढतो, पण खात्री नसते. स्किझोफ्रेनिया सर्वसाधारण लोकांत शंभरात सुमारे एकाला होतो. आई किंवा वडिलांना असेल तर हे प्रमाण शंभरात सुमारे दहापर्यंत जाते, म्हणजेच जवळपास नव्वद जणांना तो होत नाही. दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा मानला जातो. डेन्मार्कमध्ये डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, व्यसनी पालकांपोटी जन्मलेल्या पण लहानपणीच दत्तक दिल्या गेलेल्या मुलग्यांचा अभ्यास केला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, व्यसनी पालकाचा सहवास न लाभताही या मुलग्यांमध्ये दारूच्या व्यसनाचे प्रमाण इतर दत्तक मुलग्यांच्या जवळपास चौपट होते. आणि तरीही त्यांच्यापैकी पाचांतले चार व्यसनी झाले नव्हते.

यातून एक व्यवहारातली सूचना निघते, आणि ती मी तरुण मुलांना आवर्जून सांगते. मित्रांबरोबर पहिल्यांदा पिणारा मुलगा फुशारकीने म्हणतो, ‘मला चढतच नाही.’ मार्क शुकिट या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी व्यसनी वडिलांच्या मुलांवर अनेक वर्षे केलेल्या संशोधनात असे दिसले की, सुरुवातीला ज्यांना दारूचा अंमल कमी जाणवतो, त्यांनाच पुढे व्यसन लागण्याचा धोका अधिक असतो, कारण थांबण्याची खूण शरीर त्यांना वेळेवर देत नाही. वडिलांना व्यसन होते आणि तुम्हाला चढत नाही, या दोन गोष्टी एकत्र असतील तर पहिला पेलाही टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

लग्न ठरवताना स्थळाकडच्यांना हे सांगावे का?

हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजाराचा विचार वर किंवा वधू यांच्या स्वतःच्या स्थितीपुरता आहे. आई-वडिलांना आजार किंवा व्यसन असणे हा विवाहात कायदेशीर अडथळा नाही. तरीही ज्याच्याशी संसार करायचा त्या व्यक्तीला साखरपुड्याआधी स्वतः सांगावे, असे मला वाटते. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीत ते मांडण्याची गरज नसते. लपवलेली गोष्ट लग्नाच्या मांडवात मामांच्या तोंडून बाहेर पडते तेव्हा आजाराचा मुद्दा बाजूला राहतो आणि फसवणुकीचा उभा राहतो.

वडिलांच्या नकळत चहातून औषध देऊन दारू सोडवता येते का?

हे करू नये. भिंतींवरच्या आणि मोबाइलवरच्या जाहिराती ‘न सांगता दारू सोडवा’ असे आश्वासन देतात आणि घरातली बाई हताश होऊन ती पूड विकत घेते. अशा पुड्यांत काय असते ते समजायला मार्ग नसतो. डॉक्टर देतात त्या डायसल्फिरम या गोळीबाबत तर पूर्ण कल्पना आणि संमती आवश्यकच असते, कारण ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड, रक्तदाब एकदम खाली येणे असे घडते आणि ते प्राणावरही बेतू शकते. ज्याला आपल्या पोटात गोळी आहे हे ठाऊकच नाही, तो सावध कसा राहणार?

या प्रश्नावर मी रेंगाळते याला कारण आहे. चहात पूड मिसळण्याचे काम बहुतेक घरांत मुलांकडे दिलेले असते, कारण वडील मुलाच्या हातचा चहा संशय न घेता पितात. आमच्या घरी ते काम माझ्याकडे होते. मी तेव्हा दहा वर्षांची होते. करड्या रंगाची ती पूड चहावर तरंगायची, म्हणून मी बोटाने ढवळून बोट फ्रॉकला पुसत असे. एकदा वडिलांना चहानंतर जोराची उलटी झाली आणि ते मोरीत कोसळले, तेव्हा आपणच त्यांना मारले या समजुतीने मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. ते त्या दिवशी मेले नाहीत आणि त्यांची दारूही सुटली नाही. परंतु आजही घरी कोणाला चहा देताना तो माणूस पहिला घोट घेईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहते. मोठ्यांच्या आजाराचा उपाय मुलाच्या हातून करवून घेणे ही त्या मुलावर लादलेली फार मोठी जबाबदारी असते, हे कृपया लक्षात घ्यावे.

पंढरपूरची माळ घातली, शपथ घेतली, की दारू सुटते ना? आणि देवऋषाकडे नेण्यात काय चूक आहे?

माळ घालून ज्यांची दारू कायमची सुटली, अशी माणसे या जिल्ह्यात पुष्कळ आहेत आणि मी त्यांचा आदर करते. नवे सोबती, पाळावयाचे नियम, वर्षातल्या वाऱ्या आणि चारचौघांसमोर दिलेला शब्द, या सगळ्याचा माणसाला खरा आधार मिळतो. मात्र येथे एक वैद्यकीय धोका आहे. जो माणूस वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने एका दिवसात दारू पूर्ण थांबवली, तर पहिल्या सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत हातपाय थरथरणे, ताप, नसलेली माणसे किंवा किडे दिसणे, असे गंभीर लक्षण उद्भवू शकते. हा प्रकार उपचाराविना जीवघेणा ठरतो. म्हणून माळ जरूर घालावी, पण आधी डॉक्टरांना दाखवून; ते काही दिवस औषधे आणि ब१ जीवनसत्त्व देऊन हा टप्पा सुरक्षितपणे पार करून देतात.

मानसिक आजारात देवऋषाकडे जाणाऱ्या कुटुंबांवर मी कधी रागावत नाही, कारण त्यांना दुसरे कोणी काही समजावून सांगितलेलेच नसते. देवाला हात जोडण्याने औषधाचे काही बिघडत नाही. परंतु भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधून ठेवणे, मिरचीची धुरी देणे हे प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरतात, आणि ते पाहणाऱ्या मुलाच्या मनावर जे कोरले जाते ते पुढे सहजी पुसता येत नाही.

पालकांवर आता उपचार केले, तर मुलांना काही फायदा होतो का, की झाले ते झाले?

मुले घरात असतील तर फायदा होतो, आणि तो लवकर दिसतो. अमेरिकेत मर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आईचे नैराश्य औषधोपचाराने ओसरले त्या घरांतील मुलांच्या मानसिक तक्रारी तीनच महिन्यांत कमी झाल्याचे आढळले. जेथे आईला आराम पडला नाही, तेथे मुलांच्या तक्रारी वाढल्या. त्यामुळे आईला डॉक्टरांकडे नेण्यासाठी घालवलेला दिवस हा मुलांसाठीही घालवलेला असतो. उपचारांसाठी दाखल झालेल्या आईपासून तिचे तीन वर्षांखालील मूल एरवी तोडू नये, अशी तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे, हे अनेक कुटुंबांना माहीत नसते आणि मुलाच्या काळजीपोटी आईचे दाखल होणे लांबत राहते.

सोलापुरात मी स्वतःसाठी कोठे जाऊ? मी तर वेडा नाही.

वेडे असण्याची अट कोठेही नाही. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘सिव्हिल’मध्ये, मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढताना खिडकीवर सगळी कहाणी सांगावी लागत नाही. ‘झोप लागत नाही, मानसोपचार विभागात दाखवायचे आहे’ एवढे पुरते. आत डॉक्टरांना मात्र पहिल्याच भेटीत ‘माझ्या वडिलांना दारूचे व्यसन होते’ किंवा ‘आईला मानसिक आजार होता’ हे वाक्य सांगावे. ते सांगितले नाही तर छातीतल्या धडधडीसाठी तपासण्यांवर तपासण्या होत राहतात.

औषधांची गरज प्रत्येकाला नसते. विचार आणि सवयी तपासण्यास शिकवणारी बोधात्मक वर्तन उपचारपद्धती, आघातावर काम करणारे उपचार आणि गटात बसून बोलणे, या सर्वांचा उपयोग होतो. दारूच्या व्यसनी माणसांसाठी अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही १९३५ साली सुरू झालेली सहभागी गटांची चळवळ आहे, आणि तिच्याच वाटेने त्यांच्या नातेवाइकांसाठी अल-अनॉनचे गट उभे राहिले. दोन्हींत शुल्क नसते. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णाबरोबर कुटुंबाशीही काम केले जाते. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या नातेवाइकांसाठी पुण्यातील ‘सा’ ही डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केलेली संस्था आहे. सोलापूरहून सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत येता येते.

पहिल्या दोन-तीन भेटींत रडू आले किंवा उलट काहीच वाटले नाही, तरी सोडून देऊ नये. समुपदेशकांशी सूर जुळला नाही तर दुसरे पाहावेत. त्यात कोणाचा अपमान नाही.

ज्या वडिलांनी आम्हाला कधी पाहिले नाही, त्यांना आता सांभाळावे लागेल का?

हा प्रश्न विचारताना माणसे खालच्या आवाजात बोलतात. कायद्याचे उत्तर असे की, स्वतःच्या उत्पन्नातून उदरनिर्वाह करू न शकणाऱ्या पालकांना २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. पैसा देणे आणि एका छपराखाली राहणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषधपाणी, जेवणाचा डबा किंवा खोलीचे भाडे यांची तजवीज करून स्वतःच्या घराचे दार बंद ठेवणारा मुलगा वाईट नसतो, विशेषतः त्या घरात लहान नातवंडे असतील आणि वडील अजून पीत असतील तेव्हा. लोक काय म्हणतील याची चिंता असेल तर एवढेच सांगते की, ते लोक त्या रात्री तुमच्या घरात नव्हते.

माझ्या मुलांना आजी-आजोबांविषयी काय सांगू?

वयाला पेलेल तेवढे, पण खरे सांगावे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ‘आजीच्या मनाला आजार आहे, म्हणून ती कधी कधी विचित्र बोलते, तो तुझा दोष नाही आणि ती औषध घेते’ एवढे पुरेसे असते. आठवी-नववीतल्या मुलाला दारूचे व्यसन आणि आनुवंशिक धोका या दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगाव्यात, कारण पहिला पेला जितका लहान वयात, तितका पुढचा धोका मोठा. ‘आजोबांना बरे नसायचे’ असे मोघम सांगून चालत नाही. मुले ऐकीव माहितीवरून त्यापेक्षा भयंकर गोष्ट रचतात.

वडील गेले तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले, आणि आता सहा महिन्यांनी रडू थांबत नाही. हे काय आहे?

हा शोक आहे, आणि तो दुहेरी आहे. एक जे वडील होते त्यांचा, आणि दुसरा जे वडील तुम्हाला कधी मिळालेच नाहीत त्यांचा. माणूस जिवंत असेपर्यंत मनाच्या कोपऱ्यात कोठेतरी वाटत असते की एक दिवस ते शुद्धीत येऊन बसतील आणि विचारतील. ती आशा मरणाबरोबर संपते. सुटल्यासारखे वाटले यात पाप नाही. कित्येक वर्षे टवकारलेले कान पहिल्यांदा विसावले, तर शरीराला हलके वाटणारच. झोप आणि भूक गेलेली असेल, कामात लक्ष लागत नसेल किंवा आपणही जावे असे विचार येत असतील, तर आता थांबू नका. १४४१६ वर बोला किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

हे ओसरायला किती दिवस लागतात, असे मला विचारतात. वडिलांच्या तेराव्यानंतर आईने त्यांची सायकल गल्लीतल्या एका मुलाला देऊन टाकली. त्यानंतरही कितीतरी महिने रात्री साडेनऊच्या सुमारास ती विडी वळता वळता थांबायची आणि दाराकडे बघायची. मीही बघायचे.